मधला माणूस

बाळापूरच्या आसपास वाढलेल्या माणसाला मन आणि म्हैस या दोन नद्या, त्यांच्या मधोमध उभा असलेला किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री पाठ असते. शाळेच्या सहली तिथंच जातात. पण शाहजादा मुराद हे नाव आमच्याकडे कुणाच्या तोंडी नाही. अकबराचा हा मुलगा याच मुलखात तळ देऊन राहिला होता. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल, त्यानं ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन केलंय. सोळा सरकारांचा, म्हणजे जिल्ह्यांचा, सुभा, राजधानी एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर. त्यात बाळापूरही येतं. तिथल्या दोन प्रवाहांच्या काठी तऱ्हेतऱ्हेचे देखणे दगड सापडतात, लोक ते कापून जपून ठेवतात, असं तो सांगतो. मग म्हणतो, तिथून सहा कोसांवर शाहजादा मुरादची छावणी होती, तिचं पुढे शाहपूर नावाचं चांगलं शहर झालं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी त्या दोन ओळींवर बराच वेळ अडकलो. कारण लिहिणारा अबुल फजल त्या शाहजाद्याला बापाकडे परत न्यायला आलेला माणूस होता, आणि तो पोचला तेव्हा शाहजादा उरला नव्हता.

मुरादचा जन्म १५७०चा. फत्तेपूर सिक्रीच्या टेकड्यांत जन्मला म्हणून लाडाचं नाव ‘पहाडी’. पोर्तुगीज शिकवायला त्याला मोन्सेरात नावाचा जेझुइट पाद्री दिला होता, तेव्हा तो दहा वर्षांचा. पुढच्याच वर्षी काबूलच्या स्वारीत फौजेबरोबर. मग माळवा, गुजरात आणि शेवटी दख्खन. १५९५च्या अखेरीस त्यानं अहमदनगरला वेढा घातला, चांदबिबीनं किल्ला झुंजवला, आणि १५९६मध्ये तह होऊन वऱ्हाड मोगलांकडे गेलं. आमचा मुलूख अकबराच्या राज्यात गेला तो या पंचविशीतल्या पोराच्या हातून.

पण तो एकटा नव्हता. मोगलांत शाहजाद्याबरोबर अतालिक देण्याची रीत होती. पोराला सांभाळायचं, शिकवायचं, चुकला तर आवरायचं, आणि काय चाललंय ते दरबारी कळत राहील हे बघायचं. मुरादबरोबर सादिक खान होता, शिवाय खानखानान अब्दुर्रहीम, ज्याचे दोहे आपण शाळेत शिकलो तोच. शाहजादा आणि खानखानान यांचं पटलं नाही. सरदारांचं एकमेकांशी पटलं नाही. प्रत्येक जण आपली बाजू अकबराकडे लिहून पाठवत राहिला. बाप लाहोरला, मुलगा वऱ्हाडात, आणि मध्ये ही सगळी माणसं. मुरादचा लहानगा मुलगा वारला, दारू वाढली, तब्येत ढासळली. हेसुद्धा बापाला कळलं ते दुसऱ्यांकडून.

१५९९मध्ये अकबरानं अबुल फजलला धाडलं. काम एवढंच, मुरादला घेऊन ये. बापाचा सगळ्यात विश्वासू माणूस आपल्याला न्यायला येतोय हे कळल्यावर मुरादनं काय करावं? त्यानं कूच केलं. अहमदनगरच्या मोहिमेवर निघालोय, म्हणजे आता दरबारी येणं शक्य नाही. दारूनं पोखरलेलं शरीर घेऊन तो निघाला आणि दौलताबादच्या अलीकडे वीस कोसांवर, पूर्णेच्या काठी, मे महिन्यात वारला. वय अठ्ठावीस. त्याला शाहपूरला आणून पुरलं, आणि नंतर तिथून उकरून दिल्लीला, हुमायूनच्या शेजारी नेलं.

मला त्या कूच करण्याचं फार वाईट वाटतं. बाप रागावेल म्हणून पोरगं पळालं, एवढंच ते आहे. पण बाप जर स्वतः आला असता, किंवा त्यानं स्वतःच्या अक्षरात… नाही, अकबराला लिहिता येत नव्हतं असंच म्हणतात. म्हणजे त्याचा प्रत्येक शब्द मुलापर्यंत जायचा तो दुसऱ्याच्या हातातून.

अकबर मायाळू नव्हता असं कुणी म्हणू नये. सलीम झाला तेव्हा नवस फेडायला तो आग्र्याहून अजमेरला पायी गेला होता. पण माया आणि विश्वास एकाच घरात असतातच असं नाही. त्याची माया थेट होती, विश्वास मात्र नेहमी मधल्या माणसावर होता. मुलांवर लक्ष ठेवायला माणूस, मुलांना समजवायला माणूस, मुलांचं काय चाललंय ते सांगायला माणूस. असं झालं की मुलं बापाशी बोलायचं सोडून त्या माणसाशी बोलू लागतात, किंवा त्याच्यापासून लपवू लागतात.

धाकट्या दानियालचं तर ऐकवत नाही. मुरादनंतर दख्खनवर तो आला, बऱ्हाणपूरला राहिला. तोही दारूत बुडाला. अकबरानं खानखानानला, जो दानियालचा सासराही होता, बजावलं की पोराला थेंब मिळता कामा नये. पहारे बसले. मग दानियालनं आपल्या एका बंदूकवाल्याला गळ घातली. शाहजाद्याची एक आवडती बंदूक होती, तिला त्यानं नाव दिलं होतं आणि तिच्यावर दोन ओळींचा शेर कोरला होता. त्या बंदुकीच्या नळीत दारू भरून माणूस आत आला. वर्षानुवर्षं बारूद खाल्लेली ती नळी, तिचा गंज दारूत उतरला, आणि दानियाल ते प्याला. जहांगीरनं, म्हणजे थोरल्या सलीमनं, आपल्या आठवणींत हे सविस्तर लिहिलंय. १६०५च्या वसंतात दानियाल गेला, त्याच वर्षी ऑक्टोबरात अकबर. पहारा कडक केल्यानं दारू थांबली नाही, ती बंदुकीतून आली.

आमच्या वाड्यात पहारे नव्हते. दिवाणजी होते.

आजोबांकडे तेव्हा मोठी कास्तकारी होती. गावात त्यांना सगळे मालक म्हणत, घरातली माणसंही तिऱ्हाइताशी बोलताना मालकच म्हणत. माझे मोठेबाबा, माझे वडील आणि काका, तिघंही त्यांच्यासमोर बसत नसत. ढाळजेत आजोबा लोडाला टेकून, मुलं खांबाशी उभी. काय हवं-नको ते दिवाणजींना सांगायचं. जत्रेला पैसे हवेत, कॉलेजची फी भरायचीय, बायकोला माहेरी पाठवायचंय, सगळं दिवाणजींकडे. दिवाणजी ते सवडीनं मालकांच्या कानावर घालणार आणि उत्तर आणून देणार. माझी आजीसुद्धा मुलांच्या बाबतीतलं काही आजोबांपर्यंत पोचवायचं असलं तर दिवाणजींच्या बायकोला बोलावून घ्यायची.

कमाल जमीनधारणेचा कायदा येणार अशी कुणकुण लागली तेव्हा वऱ्हाडातल्या बड्या घरांत जे झालं तेच आमच्याकडे झालं. १९६१चा तो कायदा. त्याआधी आजोबांनी वावरं मुलांच्या नावावर करून टाकली. कागदोपत्री वाटणी. मुलांनी सह्या केल्या. दिवाणजी कागद अशा बेतानं दुमडून आणायचे की सहीची जागा तेवढी वर राहावी, आणि दौत हातात धरून उभे राहायचे. कशावर सही करतोय हे विचारण्याची पद्धत नव्हती. बापानं सांगितलं, सही केली.

१९७२ला कापूस एकाधिकार योजना आली. तोवर कापूस खासगी व्यापाऱ्याकडे जायचा, आजोबांच्या एकट्याच्या नावावर. आता सरकारी केंद्रावर सातबाऱ्याप्रमाणे कापूस आणि नावानिशी चुकारा. मोठेबाबा बैलबंड्यांसोबत केंद्रावर गेले होते, तिशीच्या पुढचा माणूस, पदरी दोन लेकरं. रात्रभर रांगेत बंड्या, थंडी, बैलांना कडबा टाकणं, चहा. सकाळी काट्यावरच्या बाबूनं नाव पुकारलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मोठेबाबांना वाटलं, आपल्याला कशाला बोलावताहेत? ते पुढे सरकायच्या आत दिवाणजी म्हणाले, “हाजर!” आणि पावती घेऊन कोटाच्या आतल्या खिशात घातली.

हे मला मोठेबाबांनी म्हातारपणी सांगितलं, तेव्हाही त्यांचा आवाज बदलला होता. “मंग म्या त्याईले इचारलं, दिवानजी, माह्या नावानं कापूस कसा काय? तर म्हनते, मालकाईले इचारा. आता मालकाईले इचाराची हिंमत असती तं दिवानजीले कायले इचारलं असतं?”

नावावर विश्वास होता, नाव असलेल्या माणसावर नव्हता. ज्या माणसाच्या नावावर चाळीस एकराच्या वर वावर, त्याला चपलेसाठी दिवाणजींकडे शब्द टाकावा लागत होता.

मोठेबाबांनी तो प्रश्न गिळला नाही, पण विचारला तो चुकीच्या वाटेनं, म्हणजे त्या घरात जी एकच वाट होती तिनं. दिवाणजींना म्हणाले, मालकांना विचारा, माझ्या नावावर किती आहे ते मला माहीत असावं की नाही. दिवाणजींनी मालकांना सांगितलं, मोठे मालक हिस्सा मागताहेत. हिस्सा हा शब्द मोठेबाबांनी उच्चारलाच नव्हता. उलट निरोप आला तोही असाच. आजोबा काय म्हणाले देव जाणे, मोठेबाबांना कळलं ते हे की, ज्याला हिस्सा पाहिजे त्यानं वाडा सोडावा. मोठेबाबांनी सोडला. अमरावतीला नोकरी धरली. आजोबा जाईपर्यंत बापलेकांत सरळ बोलणं झालं नाही. सणाला यायचे, पाया पडायचे, जेवून दुपारच्या यष्टीनं परत.

दिवाणजी लबाड होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी चार आणे खाल्ल्याचं कुणी दाखवून दिलेलं नाही. पण बाप आणि मुलगा समोरासमोर बसून बोलले असते तर दिवाणजींची त्या घरात गरज काय राहिली असती? मधल्या माणसाचं पोट त्या अंतरावर असतं. त्याला वाईट असण्याची गरजच नाही. तो फक्त निरोप आपल्या शब्दांत सांगतो.

इतिहास वाचताना मला आता हा माणूस जिथंतिथं दिसतो. १६५७च्या सप्टेंबरात शहाजहान आजारी पडला. थोरला दारा बापाच्या उशाशी. त्यानं काय केलं, तर बातम्या बाहेर जाऊ द्यायच्या बंद केल्या, भावांच्या वकिलांवर पहारे बसवले. बाप जिवंत होता, सुधारतही होता, पण बंगालात शुजाला, गुजरातेत मुरादबक्षाला आणि दख्खनेत औरंगजेबाला वाटलं की गेला, आणि आपल्यापासून लपवतायत. शहाजहाननं आपण बरे आहोत अशी पत्रं लिहिली तर पोरं म्हणाली, अक्षर दाराचं असेल. तिकडे भाऊभाऊ एकमेकांना सांकेतिक भाषेत पत्रं लिहीत होते. जून १६५८ला आग्र्याचा किल्ला पडला आणि शहाजहान १६६६पर्यंत, मरेपर्यंत, कैदेत राहिला. राज्यलोभ होताच, तो कोण नाकारतो. पण त्या महिन्यांत दूरच्या एकाही मुलाला बापाचा स्वतःचा शब्द ऐकू आला नाही हेही खरं आहे.

औरंगजेबानं यातून काय शिकावं? त्यानं मधल्या माणसाचंच हत्यार केलं. जानेवारी १६८१, अजमेरजवळ. त्याचा मुलगा अकबर राजपुतांना मिळून बापावर चालून आला होता. औरंगजेबापाशी फौज थोडी. त्यानं मुलाला एक पत्र लिहिलं, शाबास, ठरल्याप्रमाणे राजपुतांना छान जाळ्यात आणलंस, आता पुढून तू आणि मागून मी. आणि ते पत्र मुलाच्या नव्हे, राजपुतांच्या हाती पडेल असं पाहिलं. दुर्गादास राठोड पत्र घेऊन रात्री शाहजाद्याच्या डेऱ्याशी गेला. शाहजादा झोपलेला, खोजे उठवायला तयार नाहीत. मग तो शाहजाद्याच्या उजव्या हाताकडे, तहव्वुर खानाकडे गेला. तो तर आधीच बादशहाच्या छावणीत गेलेला, आणि तिथं मारला गेलेला. राजपुतांना पत्र खरं वाटलं. रातोरात ते निघून गेले. सकाळी शाहजादा उठला तर भोवती जवळजवळ कुणी नव्हतं.

मला यातला सगळ्यात भयंकर भाग हा वाटतो की औरंगजेबाला लोकांना पटेल असं खोटं लिहायला काहीच कष्ट पडले नाहीत. बापलेकांत एक गुप्त बेत आहे, ही गोष्ट त्या घराण्याबद्दल कुणालाही सहज खरी वाटली. नंतर दुर्गादासानंच त्या पोराला महाराष्ट्रात आणून संभाजीराजांच्या आश्रयाला पोचवलं. तिथून तो इराणला गेला आणि परत आला नाही. पुढे गोवळकोंड्याच्या वेढ्यात, १६८७ला, दुसरा मुलगा मुअज्जम शत्रूशी गुपचूप बोलणी करतो म्हणून बापानं त्याला मुलांसकट कैद केलं. सात-आठ वर्षं.

हे फक्त मोगलांचंच, असं म्हणून हात झटकता येत नाही. ३ एप्रिल १६८०ला रायगडावर महाराज गेले तेव्हा शंभूराजे पन्हाळ्यावर होते, आणि ती बातमी त्यांच्यापर्यंत पोचू नये अशी खटपट करणारी माणसं गडावर होती. त्यावर मी जास्त लिहीत नाही. मुलाला बापाच्या मरणाची वार्ता बापाच्या माणसांकडून मिळू नये, एवढ्यानंच जीव कालवतो.

आणि आमचं नागपूर. पहिले रघूजी भोसले फेब्रुवारी १७५५मध्ये वारले. बंगालपर्यंत दरारा असलेला माणूस. मागे चार मुलं, जानोजी, मुधोजी, साबाजी, बिंबाजी. वयानं जानोजी मोठे, पण मुधोजी थोरल्या राणीचे. कुणाचा हक्क हे भांडण अखेर पुण्याला पेशव्यांपुढे गेलं. जानोजींना सेनासाहेबसुभा हा किताब, मुधोजींना चांदा आणि सेनाधुरंधर हा किताब. भावाभावांत मध्यस्थ बसला तो असा बसला की उठलाच नाही. १७७२ला जानोजी गेले. जानेवारी १७७५मध्ये नागपूरजवळ पाचगावला मुधोजी आणि साबाजी समोरासमोर आले आणि त्या लढाईत साबाजी मुधोजींच्या हातून मारले गेले. पाचगावकडून जाताना मला आता ते गाव नुसतं गाव वाटत नाही.

अबुल फजलचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. सलीमला खात्री होती की हाच माणूस बापाच्या मनात आपल्याविषयी विष कालवतो. १६०२ला अबुल फजल दख्खनेतून आग्र्याला परत निघाला तेव्हा सलीमनं ओरछाच्या वीरसिंह बुंदेल्याकरवी त्याला वाटेत मारवलं. पण अकबराला हे सांगायचं कुणी? कुणाची जीभ उचलेना. तैमूरच्या घराण्यात शाहजादा वारला तर ते बादशहाला तोंडानं सांगत नसत, त्या शाहजाद्याचा वकील मनगटाला निळा रुमाल बांधून समोर जायचा. अबुल फजल काही शाहजादा नव्हता, तरी त्याचा वकील तसाच निळा रुमाल बांधून गेला. अकबर रुमाल बघून समजला. ज्या दरबारात सगळ्या हिंदुस्थानची बातमी रोज येत होती, तिथं बापाला मुलाच्या करणीबद्दल सांगायला शब्द सापडला नाही.

आजोबा १९८४ला गेले. तेराव्यानंतर तिन्ही भावांनी माजघरातली लोखंडी पेटी उघडली. दिवाणजी त्याआधीच वारले होते, त्यामुळे किल्ली कुठली हे शोधण्यातच दुपार गेली. आत सोनं अगदी थोडं होतं. एक लाल कापडी बांधणीची चोपडी होती. आजोबांच्या हातची. प्रत्येक मुलाचं पान वेगळं. त्याच्या नावावर वावर किती, त्या वर्षी कापूस किती क्विंटल, तूर किती, चुकारा किती आला, त्यातून बियाणं, सालदारांचे पैसे, सोसायटीचं कर्ज वजा जाता किती उरले. मोठेबाबा वाडा सोडून गेल्यानंतरसुद्धा त्यांचं पान बंद झालं नव्हतं. त्यांच्या नावाचे पैसे पोस्टात ठेवलेले, त्याचा आकडा होता. माणसानं बारा वर्षं पै न् पै लिहिली, आणि ज्याच्यासाठी लिहिली त्याला एका शब्दानं सांगितलं नाही.

मोठेबाबा चोपडी वाचत बसले आणि कुणाशी बोलले नाहीत, असं वडील सांगायचे. माझी आजी मात्र बोलली. “पोराले सांगतलं असतं तं पोरगं गेलंच नसतं,” ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिनं आजोबांबद्दल बोलायचं सोडलं.

काकांच्या पानावर तीन हंगाम कोरे आहेत. १९७८ ते ८०. आधी आहे, नंतर आहे, मधलंच नाही. काकांना वाटायचं, ते पैसे मोठेबाबांच्या पानावर वळवले. वडिलांना वाटायचं, त्या वर्षांत नापिकी होती, उरलंच काही नसेल. सांगणारं कुणी उरलं नाही. तिघंही भाऊ आता गेले आणि ते तीन हंगाम आमच्या पिढीकडे आले. माझा चुलतभाऊ मला भेटला की पीकपाण्याचं बोलतो, पण त्याच्या मनातली गोष्ट मला कळते ती आमच्या एका आत्तेभावाकडून. माझीही त्याला त्याच्याकडूनच कळत असणार.

परवा मी आत्तेभावाला विचारलं नाही. सरळ चुलतभावाला फोन लावला. म्हटलं, पोळा झाला की करीच्या दिवशी वाड्यावर बसू, दोघंच, आणि त्या तीन वर्षांचं काय वाटतं ते तू मला सांग, मी तुला सांगतो. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “चोपडी घेऊन येजो. झेरॉक्स नोको आनू. चोपडीच आन.”